शाफ्ट काढण्याआधी मागचं तेल बदला

कोल्हापूरच्या एका गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा. त्यांच्याकडे २००८ ची होंडा सीआर-व्ही आहे, २.४ लिटर, ऑटोमॅटिक, चारही चाकांना ताकद देणारी. सेकंडहँड घेतलेली, १ लाख ४० हजार किलोमीटर चाललेली. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हलवली की मागून म्हैस रेकावी तसा आवाज येतो. शिवाय ऐंशी-नव्वदच्या वेगाला सीटखाली बारीक थरथर जाणवते. त्यांचे मेस्त्री म्हणतात, "मागं जाणारा शाफ्टच काढून टाकू. गाडी टू-व्हील होईल, आवाज जाईल आणि लिटरमागं दोन-तीन किलोमीटर जास्त मिळतील." करावं का?

करता येतं. तुमच्या गाडीत ते दीड-दोन तासांचं काम आहे, आणि शाफ्ट काढल्यावर गाडी पुढच्या दोन चाकांवर नीट चालेलही. मेस्त्री त्या बाबतीत खोटं सांगत नाहीत. पण तुमच्या दोन तक्रारींपैकी पहिली बहुतेक तेलाची आहे, दुसरी शाफ्टच्या बेअरिंगची किंवा क्रॉसची (शाफ्टला वाकू देणाऱ्या सांध्याची) असावी, आणि मायलेजचा हिशेब मुळात चुकलेला आहे. नाशिकला गॅरेज चालवून मला सव्वीस वर्षं झाली. "फोर-व्हील काढून टाका" म्हणत आलेल्या गाड्यांपैकी ज्यांची खरोखर काढावी लागली अशा मोजक्याच. बाकीच्यांना वेगळंच काहीतरी झालेलं होतं.

आधी आवाजाचं बोलू. तुमच्या गाडीत ताकद मुळात पुढच्या चाकांनाच जाते. गिअरबॉक्सला चिकटलेल्या ट्रान्स्फरमधून (ताकद मागं वळवणाऱ्या गिअरच्या डब्यातून) एक लांब शाफ्ट मागं येतो आणि मागच्या डिफरन्शियलच्या (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याच्या) तोंडाशी असलेल्या क्लचपॅकमध्ये, म्हणजे एकमेकींवर दाबल्या जाणाऱ्या प्लेटांच्या गठ्ठ्यात, संपतो. त्याच डब्यात दोन छोटे तेलपंप आहेत. एक फिरतो शाफ्टवर, म्हणजे पुढच्या चाकांच्या वेगानं, आणि दुसरा मागच्या चाकांच्या वेगानं. दोघांचा वेग सारखा असला तर एकानं ढकललेलं तेल दुसरा ओढून घेतो आणि काहीच घडत नाही. पुढची चाकं चिखलात घसरली की पुढचा पंप जास्त फिरतो, दाब वाढतो, क्लचच्या प्लेटा एकमेकींवर दाबल्या जातात आणि मागच्या चाकांना ताकद मिळते. बटण नाही, सेन्सर नाही, सगळा खेळ तेलाच्या दाबावर. मला ही रचना फार आवडते, कारण तिच्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही.

बिघडतं ते तेल. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी चालवता तेव्हा पुढची चाकं मोठ्या वर्तुळावरून जातात, मागची लहान वर्तुळावरून. म्हणजे शाफ्ट थोडा जास्त फिरतो, पंपांना वाटतं पुढची चाकं घसरताहेत, आणि प्लेटा किंचित चिकटतात. तेल चांगलं असेल तर त्या गुपचूप एकमेकींवरून सरकतात. तेल जुनं झालं, त्यातली घसरण राखणारी द्रव्यं संपली की त्या चिकटतात-सुटतात, चिकटतात-सुटतात. तीच तुमची म्हैस. सरळ रस्त्यावर हा आवाज येत नाही ना? मग माझा संशय जवळजवळ पक्का.

उपाय: होंडाचं ड्युअल पंप फ्लुइड, साधारण एक-सव्वा लिटर. नव्वद नंबरचं गिअर ऑइल अजिबात नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण "डिफरन्शियल म्हणजे नव्वदचं तेल" असं आपल्याकडे हात आपोआपच जातो. आधीच्या मालकाच्या मेस्त्रीनं तेच भरलं असेल तर आवाजाचं कारण तिथंच सापडलं. तेलाच्या डब्यावर काय लिहिलंय ते स्वतः वाचा.

आणि तेल सोडण्याआधी भरायचा, म्हणजे वरचा बोल्ट उघडतोय का ते पाहा. खालचा उघडून तेल सांडून बसलात आणि वरचा गंजून घट्ट झालेला निघाला, तर गाडी तिथंच अडकली. तेल भरून झाल्यावर मोकळ्या मैदानात जा, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे करून चालण्याच्या वेगानं पाच-सात फेऱ्या मारा, मग तशाच उजवीकडे. नवं तेल प्लेटांच्या मधे शिरायला हे लागतं. आवाज निम्मा राहिला तर आठवड्यानं पुन्हा एकदा तेल बदला. जुन्या तेलाचा अंश पहिल्या फेरीत पूर्ण जात नाही. दोन वेळचं तेल धरूनसुद्धा हा खर्च एका टायरपेक्षा कमी होतो.

आता थरथर. इथं मात्र मी स्वतः शाफ्ट काढीन, पण तपासणीसाठी. शाफ्ट काढून गाडी हायवेवर नेली आणि ऐंशी-नव्वदला थरथर गायब झाली, तर दोष शाफ्टमध्ये: मधल्या आधाराचं सेंटर बेअरिंग, त्याचं फाटलेलं रबर किंवा एखादा घट्ट झालेला क्रॉस. थरथर तशीच राहिली तर शाफ्ट निर्दोष. मग टायर, रिम, इंजिन माउंटिंग, पुढचे एक्सल बघायचे. काढलेला शाफ्ट बाकावर ठेवून प्रत्येक क्रॉस हातानं दोन्ही दिशांना वाकवून पाहा. चांगला क्रॉस लोण्यासारखा वळतो. खराब झालेला मध्यावर आला की खाचेत बसल्यासारखा अडतो, आणि ती खाच बोटांना स्पष्ट लागते. अशा बऱ्याच शाफ्टमध्ये क्रॉस काठ ठोकून बसवलेले असतात, सर्क्लिप नसते, म्हणून "पूर्ण शाफ्टच नवा घ्या" असं सांगितलं जातं. पण ट्रकचे शाफ्ट दुरुस्त करून बॅलन्स करणारी दुकानं प्रत्येक ट्रान्सपोर्टनगरात आहेत, आणि कोल्हापूर-सांगलीकडे लेथवर हात बसलेल्या माणसांची वाण नाही. त्यांच्याकडे एकदा जरूर विचारा.

मायलेजचं गणित मात्र सविस्तर सांगतो, कारण या एका आमिषापायी लोक चांगल्या गाड्या उघडतात. अमेरिकेत हीच २००८ ची सीआर-व्ही दोन्ही प्रकारांत विकली गेली, तेच २.४ लिटरचं इंजिन, तोच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. तिथल्या सरकारी चाचणीत शहरातला आकडा दोन्हींचा सारखाच, गॅलनला २० मैल. हायवेवर टू-व्हीलला २७ आणि फोर-व्हीलला २६. आपल्या भाषेत साडेअकरा आणि अकरा किलोमीटर. म्हणजे हायवेवर लिटरमागं अर्धा किलोमीटरही नाही, आणि शहरात काहीच नाही. वर्षाला दहा हजार किलोमीटर, तेही सगळे हायवेवर चाललात, तर ३३-३४ लिटर पेट्रोल वाचेल. शंभराच्या भावानं साडेतीन हजारांच्या आत.

आणि हा फरक कारखान्यातून टू-व्हील म्हणूनच बाहेर पडलेल्या गाडीचा आहे. तिच्यात मागचं डिफरन्शियल, मागचे एक्सल, ट्रान्स्फर यातलं काहीच नसतं. तुम्ही फक्त शाफ्ट काढणार. मागची चाकं रस्त्यावर फिरतच राहणार, ती एक्सल फिरवणार, एक्सल डिफरन्शियलचं क्राउन-पिनियन (आतले मुख्य गिअर) फिरवणार आणि ते तेल घुसळणार. ट्रान्स्फरचे गिअरही फिरणारच. गेलं काय? दहा-पंधरा किलोचा एक लोखंडी पाइप. त्यातून दोन-तीन किलोमीटर कुठून यायचे? चारही टायरमधली हवा नीट ठेवलीत तर यापेक्षा जास्त मिळेल.

मग काही जण म्हणतात, मागचे एक्सलही काढू. इथं थांबा. आमच्याच गॅरेजात एका नव्या पोरानं दुसऱ्या एका गाडीचे मागचे एक्सल अख्खे बाहेर काढले, चाकं लावली आणि गाडी ट्रायलला सोडली. चारेक किलोमीटरवर मागचं चाक डुगडुगायला लागलं. नशीब, ड्रायव्हरला वेळेत कळलं. अशा बहुतेक गाड्यांत एक्सलचं टोक हबमधून आरपार येतं आणि त्याचा मोठा नटच व्हील बेअरिंगचे दोन भाग आवळून धरतो. एक्सल काढला की बेअरिंगला धरणारं कोणी उरत नाही. काढायचाच असेल तर बाहेरचा सीव्ही जॉइंट सुटा करून, त्याची वाटी आणि टोक हबमध्येच ठेवून, नट ठरलेल्या टॉर्कला आवळावा लागतो, आणि डिफरन्शियलकडची उघडी भोकं बंद करावी लागतात. एवढा उपद्व्याप अर्ध्या किलोमीटरसाठी कोणी करू नये असं माझं मत आहे.

हे सगळं सीआर-व्हीपुरतं. दुसऱ्या गाडीचे कोणी हे वाचत असतील तर त्यांनी आपल्या गाडीत ताकद कशी वाटली जाते ते आधी समजून घ्यावं, नाहीतर फजिती ठरलेली.

थार, जिमनी, जिप्सी, जुनी स्कॉर्पिओ फोर-बाय-फोर: या गाड्या रोज टू-व्हीलवरच चालतात. लिव्हर किंवा बटण वापराल तेव्हाच पुढची चाकं जोडली जातात. त्यांच्यात बदलायला काही नाही. फार तर जिथं फ्री-व्हीलिंग हब (चाक एक्सलपासून सोडवणारे) आहेत तिथं ते मोकळे ठेवावेत.

रेनो डस्टर ऑल-व्हील-ड्राइव्ह: डॅशबोर्डवरची चकती २डब्ल्यूडी वर फिरवा. झालं. मागच्या कपलिंगचा करंट बंद होतो. शाफ्ट फिरत राहतो, पण ताकद जात नाही. साध्या डस्टरचा मागचा भाग आणून बसवता येईल का, असंही एकानं विचारलं होतं. नाही. साध्या डस्टरला मागं एकसंध टॉर्शन बीम असतो, ऑल-व्हीलला स्वतंत्र मल्टिलिंक सस्पेन्शन. खालची सगळी बांधणीच वेगळी.

स्कोडा यती फोर-बाय-फोरची गंमत निराळी. तिच्या हॅल्डेक्स कपलिंगचं (मागच्या चाकांना ताकद जोडणाऱ्या क्लचचं) तेल आणि फिल्टर वेळच्या वेळी बदलले नाहीत तर पंप गाळानं गुदमरतो आणि गाडी मालकाला न सांगताच टू-व्हील होते. रस्त्यावरच्या कितीतरी यती मालकांच्या नकळत केव्हाच "कन्व्हर्ट" झालेल्या असतील.

फजिती होते ती कायम चारही चाकांवर चालणाऱ्या, मधोमध डिफरन्शियल असलेल्या गाड्यांत. मारुतीनं २००७ पासून विकलेली जुनी ग्रँड व्हिटारा त्यातली (नवी ग्रँड व्हिटारा ही अगदी वेगळी गाडी). मधलं डिफरन्शियल ताकद दोन शाफ्टमध्ये वाटतं, आणि डिफरन्शियलचा स्वभाव असा की जिकडे अडथळा कमी तिकडे ते फिरतं. एक शाफ्ट काढलात की त्या बाजूला अडथळाच नाही. इंजिन गुरगुरतं, उघडा फ्लँज (शाफ्ट जोडायची चकती) गरागरा फिरतो, गाडी जागची नीट हलत नाही. एक गाडी आमच्याकडे याच अवस्थेत टोइंगवरून आली होती. मालकाला वाटलं गिअरबॉक्स गेला. मी फक्त मधलं डिफरन्शियल लॉक केलं आणि गाडी स्वतःच्या पायानं आत आली. पण कायम लॉकवर चालवणं म्हणजे लंगड्याला कुबडीवर पळवणं. आणि लांबीच्या दिशेनं बसवलेल्या इंजिनाच्या, टॉर्सन नावाच्या मधल्या डिफरन्शियलवाल्या महागड्या जर्मन गाड्यांना हात लावूच नका. एका बाजूचा भार शून्य झाला की टॉर्सनही दुसऱ्या बाजूला जवळजवळ शून्यच देतं.

आणखी एक. जुन्या लँड रोव्हरसारख्या गाड्यांत हँडब्रेक चाकावर नसून ट्रान्स्फरच्या मागच्या तोंडाशी, शाफ्टवर काम करतो. मागचा शाफ्ट काढला की हँडब्रेक गेला. उतारावर लावलेली गाडी निघून जाईल.

पुन्हा तुमच्या गाडीकडे. तेल बदललं, शाफ्ट तपासला, आणि कळलं की मागचं डिफरन्शियल खरंच आतून खाल्लंय, किंवा क्लचपॅक जाम झालाय. जाम ओळखायची सोपी पद्धत सांगतो. सपाट जागा, गाडी पी मध्ये, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, मागची दोन्ही चाकं उचलून घोडीवर (लोखंडी स्टँडवर), हँडब्रेक सोडलेला, इंजिन बंद. दोघांनी दोन बाजूंना उभं राहून दोन्ही चाकं एकाच दिशेनं फिरवायची. जरा जड पण सलग फिरली तर क्लच ठीक आहे. दोघांनी जोर लावूनही हलली नाहीत तर जाम. एकच चाक फिरवून काही कळत नाही. दुसरं उलटं फिरतं, एवढंच. आणि दोनच चाकं उचललेली असताना इंजिन चालू करून गिअर टाकायचा नाही, कोणत्याही परिस्थितीत. पुढची चाकं जमिनीवर असतील तर ताकद थेट त्यांनाच मिळेल, मागची असतील तर वेगातला फरक दिसताच पंप आपलं काम करतील, आणि गाडी घोडीवरून उडी मारेल.

जाम निघालं, पार्ट मिळत नसेल किंवा गाडीच्या किमतीच्या मानानं परवडत नसेल, तर मीही शाफ्ट काढून द्यायला तयार असतो. इतक्या जुन्या गाडीत हा शहाणपणाचा निर्णय असू शकतो. नेमकं काय बिघडलंय ते मात्र आधी पाहावं लागतं: क्लच जाम असला तरी शाफ्टशिवाय तो मोकळ्या फ्लँजसकट नुसता फिरत राहतो आणि गाडी चालते, पण डिफरन्शियलचे बेअरिंग किंवा क्राउन-पिनियन गेले असतील तर ते चाकांबरोबर फिरून आवाज करतच राहतील, कधीतरी अडकतील. तिथं शाफ्ट काढून भागत नाही.

शाफ्ट काढताना दोन्ही टोकांच्या फ्लँजवर आणि शाफ्टवर समोरासमोर रंगानं खुणा करा. परत लावायची वेळ आली आणि जागा चुकली तर नवीच थरथर पदरात पडते. सेंटर बेअरिंगचे बोल्ट सोडण्याआधी शाफ्ट दोरीनं बांधून ठेवा, नुसता क्रॉसवर लटकू देऊ नका. ट्रान्स्फरकडचा फ्लँज गाडीवरच राहू द्या, सील त्याच्यावर बसतं, म्हणून तेल गळत नाही. ज्या गाड्यांत शाफ्टचं टोक थेट गिअरबॉक्सच्या शेपटीत सरकवलेलं असतं तिथं शाफ्ट ओढला की तेलाची धार लागते, आणि बूच बसवल्याशिवाय गाडी चालवता येत नाही. तुमच्यात तो प्रश्न नाही. मागच्या डिफरन्शियलमधलं तेल मात्र काढून टाकू नका. शाफ्ट नसला तरी मागचा पंप आणि गिअर फिरतच राहतात, कोरडे फिरले तर महिन्यात आवाज करतील. पाहणी पूर्वीसारखीच चालू ठेवा.

गाडीच्या वागण्यात कोरड्या रस्त्यावर फरक जाणवणार नाही. गगनबावड्याच्या घाटात, पावसात, चढावर वळताना जोरात अ‍ॅक्सिलरेटर दिलात तर पुढचं आतलं चाक घसरेल आणि मागून पूर्वीसारखा टेकू मिळणार नाही. ब्रेकवर परिणाम नाही, तो आधीही नव्हता. मागं शाफ्ट नाही हे घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

कागदपत्रांचं: मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरचे तपशील बदलतील असे फेरफार करता येत नाहीत. बोल्ट सोडून काढलेला शाफ्ट परत लावता येतो, पण विमा कंपनीला एक पत्र लिहून पोच घेऊन ठेवा. गाडी विकताना घेणाऱ्याला सांगा. शाफ्ट, बोल्ट, कंस सगळं गाडीबरोबर द्या.

एक विचारायचं राहिलं: चारही टायर एकाच वेळी घेतलेले आहेत का? तुमचा साइज २२५/६५ आर १७ असेल. नवा टायर किलोमीटरला सुमारे ४४० फेरे घेतो. तोच सहा मिलिमीटर झिजला की ४४७. पुढं झिजलेले आणि मागं नवे टायर असले तर दर किलोमीटरला सात फेऱ्यांचा फरक, कोल्हापूर ते पुणे दीड हजारांच्या वर. पंपांना सारखं वाटत राहतं की पुढची चाकं घसरताहेत, आणि तेल तापून तापून मरतं. असं असेल तर नवं तेलही वर्षभरात पुन्हा रेकायला लागेल. टेपनं चारही टायरचा घेर मोजा, किंवा टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करून, गाडी एक फेरा पुढं ढकलून ते अंतर मोजलं तरी चालतं.

तेल काढाल तेव्हा ते पांढऱ्या भांड्यात घ्या. काळपट पण पातळ असेल तर ठीक. रुपेरी चमक दिसली, किंवा बोल्टच्या चुंबकाला बोटानं चिमटीत धरता येतील असे कण लागले, तर नवं भरू नका. त्या भांड्याचा आणि बोल्टचा उजेडात फोटो काढून मला पाठवा, मग पुढचं ठरवू.